व्यापार युद्ध थांबवू शकतो का?

बेल्जियममधील अँटवर्प शहरात, मध्यवर्ती रेल्वेस्थानकापासून काही पावलांच्या अंतरावर, होवेनिअर्सस्ट्राट नावाची एक अरुंद गल्ली आहे. गल्लीवर कडक पहारा असतो आणि दोन्ही बाजूंना हिऱ्यांच्या पेढ्या आहेत. कित्येक पिढ्या हा व्यापार प्रामुख्याने ज्यू कुटुंबांच्या हाती होता. १९६० च्या दशकापासून पालनपूरची जैन कुटुंबे तेथे जाऊन स्थिरावली आणि आज त्या गल्लीत गुजराती सहज कानी पडते. शहराच्या विल्राइक भागात या कुटुंबांनी संगमरवरी जिनालयही उभारले आहे. सौदा ठरला की दोन्ही पक्ष 'मझल' हा हिब्रू शब्द उच्चारतात. त्याचा अर्थ सौभाग्य. बोलणारा ज्यू असो वा जैन, शब्द उच्चारला की सौदा पक्का. त्यानंतर मागे फिरणाऱ्याला त्या बाजारात पुन्हा कोणी उभे करीत नाही.

१ मार्च २०२४ पासून या पेढ्यांच्या कामात एक नवी अट शिरली. युरोपीय संघात येणारा एक कॅरट वा त्याहून मोठा हिरा, मग त्याला पैलू कोणत्याही देशात पाडलेले असोत, मुळात रशियाच्या खाणीतला नाही, हे सिद्ध करणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून ही मर्यादा अर्ध्या कॅरटवर आली. याकुतियाच्या गोठलेल्या भूमीतून निघालेला खडा सुरतेत पैलूदार होतो आणि न्यूयॉर्कच्या दुकानात विकला जातो. या तिन्ही ठिकाणी कोणाचे कोणाशी वैर नाही. तरीही तो खडा आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या मध्यभागी आला आहे. त्यामागे पावणेतीनशे वर्षांचा एक वाद उभा आहे: व्यापार राष्ट्रांना एकमेकांशी बांधून शांत ठेवतो, की एकमेकांचा गळा आवळण्यासाठी दोर हाती देतो?

जुनी आशा आणि १९१४

फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू याने १७४८ मध्ये असे मत मांडले की व्यापाराची स्वाभाविक परिणती शांततेत होते, कारण देवघेव करणाऱ्या दोन राष्ट्रांना एकमेकांची गरज लागते. पुढे १७९५ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांट यानेही शाश्वत शांततेचा विचार करताना व्यापारी वृत्तीवर भिस्त ठेवली. परंतु ही आशा सामान्य वाचकांपर्यंत पोहोचवली ती नॉर्मन एंजल या इंग्रज लेखकाने. १९१० च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात त्याने दाखवून दिले की आधुनिक काळात संपत्ती म्हणजे पत. पत तिजोरीतून लुटून नेता येत नाही. जिंकलेल्या देशाची बँक बुडाली, तर तिच्याशी व्यवहार असलेली जेत्याची बँकही डळमळते. म्हणून युद्ध जिंकणाऱ्यालाही ते परवडत नाही.

त्या वेळी ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी होते. तरीही अवघ्या चार वर्षांत पहिले महायुद्ध पेटले. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या, ऑक्टोबरमध्ये अँटवर्प पडले आणि तेथील अनेक हिरेव्यापारी हॉलंड व इंग्लंडकडे निघून गेले. एंजलची पुष्कळ टिंगल झाली. वस्तुतः युद्ध अशक्य आहे असे त्याने म्हटलेच नव्हते. ते तोट्याचे आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते, आणि युद्धानंतरच्या दिवाळखोरीने ते खरे ठरवले. पुढे १९३३ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. मात्र त्याच्या विचारात एक उणीव राहिली होती. व्यापारी तोट्याचा सौदा सहसा करीत नाही. राष्ट्रे तो करतात, कारण भीती, मानापमान आणि सत्तेची हाव यांचा हिशेब वहीत मांडला जात नाही.

कोळसा, पोलाद आणि छत्र

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपने हा प्रयोग पुन्हा केला, पण यावेळी अधिक विचारपूर्वक. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी प्रस्ताव मांडला की फ्रान्स आणि जर्मनी यांचे कोळसा व पोलाद उत्पादन एका सामाईक यंत्रणेखाली आणावे. तोफा ज्या मालातून घडतात, तो मालच दोघांच्या संमतीशिवाय हलू नये, हा त्यामागील हेतू होता. १९५१ मध्ये सहा देशांनी त्यावर करार केला. सत्तर वर्षांत तीन वेळा एकमेकांवर चालून गेलेले हे दोन शेजारी त्यानंतर पुन्हा लढले नाहीत.

उदारमतवादी अभ्यासक याला आपला सर्वांत भक्कम पुरावा मानतात. वास्तववादी अभ्यासकांना तो मान्य नाही. त्यांच्या मते पश्चिम युरोपात शांतता राहिली ती अमेरिकी सैन्य, अण्वस्त्रांचे छत्र आणि समोर उभ्या असलेल्या सोव्हिएत संघाची भीती यांमुळे. घराला राखणदार होता, म्हणून भावांनी एकत्र दुकान थाटले. दुकानामुळे राखण झाली नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद आजतागायत मिटलेला नाही.

या वादात व्यापारी माणसाला सर्वांत ओळखीचा वाटावा असा मुद्दा अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९४५ मध्ये मांडला. १९३० च्या दशकात नाझी जर्मनीने आग्नेय युरोपातील लहान देशांचा माल मोठ्या प्रमाणावर विकत घेतला. विक्रेते सुखावले. हळूहळू त्यांना दुसरे गिऱ्हाईक उरले नाही आणि मग जर्मनीचा शब्द मोडणे त्यांना अवघड झाले. ज्या व्यापाऱ्याचा सगळा माल एकाच आडत्याकडे जातो, त्याचा भाव तोच आडत्या ठरवतो, हे बाजार समितीत बसणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. १९७७ मध्ये रॉबर्ट कोहेन आणि जोसेफ नाय यांनी हाच विचार व्यापक केला. परस्परावलंबन क्वचितच समसमान असते, आणि ज्याला दुसऱ्याची गरज कमी, त्याच्या हाती सत्ता अधिक.

त्यात आणखी एक भर डेल कोपलंड यांनी २०१५ मध्ये घातली. आज व्यापार किती आहे यापेक्षा उद्या तो चालू राहील अशी खात्री वाटते का, हे निर्णायक असते. १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि तेल बंद केले. जपान आपल्या तेलापैकी बहुतांश तेल अमेरिकेकडूनच घेत होता. जपानचे आक्रमण चीनमध्ये आधीपासून चालूच होते आणि त्याला आवर घालणे हाच त्या बंदीचा उद्देश होता. पण साठा संपण्याआधी तेलाच्या प्रदेशांवर ताबा मिळवला पाहिजे, असे टोकियोतील सेनाधिकाऱ्यांनी ठरवले आणि ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. व्यापार तुटण्याच्या धास्तीने ज्या युद्धाला आवर घालायचा होता, तेच अधिक पसरले.

नाका ज्याच्या ताब्यात

शीतयुद्ध संपल्यावर अशी समजूत रूढ झाली की जागतिक बाजार म्हणजे केंद्र नसलेले जाळे आहे. कोणी एक धागा कापला तरी माल दुसऱ्या वाटेने जाईल. २०१९ मध्ये हेन्री फॅरेल आणि अब्राहम न्यूमन या दोन अभ्यासकांनी ही समजूत खोडून काढली. जेथे सगळे जातात तेथेच प्रत्येकाला जावेसे वाटते. म्हणून जाळ्यात थोड्या मोठ्या गाठी तयार होतात आणि बहुतेक वाहतूक त्या गाठींतूनच होते. ज्या राज्याच्या हद्दीत अशी गाठ असेल, त्याला दोन सामर्थ्ये लाभतात. येणारे-जाणारे काय नेत आहेत हे त्याला दिसते, आणि हवे तेव्हा नाका बंद करता येतो.

स्विफ्ट हे त्याचे ठळक उदाहरण. १९७३ मध्ये बँकांनी मिळून स्थापन केलेल्या या संस्थेचे मुख्यालय ब्रुसेल्सजवळ ला उल्प येथे आहे. २०० हून अधिक देशांतील ११ हजारांवर संस्था तिच्याशी जोडलेल्या आहेत. स्विफ्ट स्वतः पैसा हलवत नाही, निरोप पोहोचवते. हुंडीचेही मर्म हेच होते. कागद एका गावाहून दुसऱ्या गावी जाई आणि पेढीच्या पतीवर रक्कम चुकती होई. निरोपाची वाट बंद झाली की तिजोरीत पैसा असूनही व्यवहार थांबतो. २०१२ मध्ये इराणच्या बँकांना आणि २०२२ मध्ये रशियाच्या काही बँकांना या जाळ्यातून वगळण्यात आले. त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलर्सची परदेशस्थ गंगाजळी गोठवली. तिचा सर्वांत मोठा भाग ब्रुसेल्समधील युरोक्लिअर या संस्थेकडे आहे.

निरोपांचा नाका, ठेवींचा नाका आणि हिऱ्यांचा नाका असे तिन्ही नाके बेल्जियममध्ये आहेत. १९१४ आणि १९४० अशा दोन्ही वेळी ज्या छोट्या देशाला मोठ्या सैन्यांनी तुडवले, त्यालाच आज या नाक्यांचा भार वाहावा लागत आहे. २०२५ च्या अखेरीस युरोपीय संघात तीव्र वाद झाला. गोठवलेल्या रशियन ठेवींच्या आधारावर युक्रेनला कर्ज द्यावे, असा प्रस्ताव होता. आक्रमकाने केलेल्या विध्वंसाची भरपाई आक्रमकाच्याच पैशातून व्हावी, हा युक्तिवाद सहज पटणारा आहे. परंतु बेल्जियमचे पंतप्रधान बार्ट डी वेव्हर यांनी विरोध केला. उद्या हिशेब उलटला तर जबाबदारी बेल्जियमवर येईल आणि ठेव सुरक्षित राहत नाही असा समज पसरला तर इतर ठेवीदारही निघून जातील, अशी त्यांची चिंता होती. अखेर डिसेंबरमध्ये संघाने स्वतः ९० अब्ज युरो कर्जाऊ उभारून युक्रेनला देण्याचे ठरवले. रशियन ठेव गोठलेलीच राहिली. ठेवीदाराने गुन्हा केला तर पेढीने ठेवीचे काय करावे, हा प्रश्न पेढी चालवणाऱ्या घरांना नवा नाही. येथे तो राष्ट्रांपुढे उभा राहिला, एवढाच फरक.

खड्याचा उगम

हिऱ्यांवरील निर्बंधांचा प्रश्नही याच साच्यातला आहे. अलरोसा ही रशियन कंपनी जगातील कच्च्या हिऱ्यांपैकी जवळपास एक-तृतीयांश हिरे काढते आणि तिचे बहुतांश भागभांडवल रशियाचे केंद्र सरकार, याकुतियाचे सरकार व तेथील स्थानिक जिल्हे यांच्याकडे आहे. हिरा विकला की पैसा सरकारी तिजोरीत जातो, आणि त्याच तिजोरीतून युक्रेनच्या शहरांवर पडणाऱ्या क्षेपणास्त्रांचा खर्च भागतो, असा जी-सेव्हन देशांचा युक्तिवाद आहे. रक्तरंजित हिरे रोखण्यासाठी २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया अमलात आहे. पण तिची व्याख्या बंडखोर गटांनी सरकारविरुद्ध लढण्यासाठी वापरलेल्या कच्च्या हिऱ्यांपुरती मर्यादित आहे. सरकारनेच युद्ध पुकारले तर तिच्याकडे उत्तर नाही. व्याख्या बदलायची तर सर्व सदस्यांची संमती लागते, आणि रशिया स्वतः सदस्य आहे. म्हणून पाश्चात्त्य देशांनी वेगळा मार्ग धरला.

या मार्गावरचे आक्षेपही गंभीर आहेत. केवळ संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आपल्याला बंधनकारक आहेत, अशी भारताची भूमिका आहे. सुरक्षा परिषदेत रशियाला नकाराधिकार असल्याने तसे निर्बंध येण्याची शक्यता नाही, हे या भूमिकेतील अवघड स्थान. अंगोला, बोत्स्वाना आणि नामिबिया यांनी २०२४ मध्ये जी-सेव्हनला कळवले की त्यांचे हिरे निर्मळ असतानाही प्रमाणपत्रासाठी अँटवर्पला पाठवण्याची सक्ती म्हणजे खर्च आणि विलंब यांचे ओझे आहे. दुसऱ्याच्या युद्धाचा दंड आफ्रिकेतील उत्पादकाने का भरावा, या त्यांच्या प्रश्नात एक जुना सल आहे.

जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू भारतात पाडले जातात आणि त्या कामाचे केंद्र सुरत आहे. तेथील लहान कारखानदाराची अडचण आणखी वेगळी. कच्चा माल आकार, रंग आणि शुद्धता पाहून निवडला जातो. कोणता खडा कोणत्या खाणीतला, याची वेगळी पुडी बांधण्याची रीत नव्हती. मोठी पेढी संगणकीय नोंदी ठेवून प्रत्येक खड्याचा उगम दाखवू शकते. दहा-वीस घंट्यांवर काम करणाऱ्या कारखानदाराला तो खर्च झेपत नाही. नियम सर्वांना सारखा असला तरी त्याचा भार सारखा पडत नाही.

तरीही सुरतेच्या मंदीचे सगळे खापर निर्बंधांवर फोडणे प्रामाणिक ठरणार नाही. प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांनी भाव पाडले, चीनमधील मागणी खालावली आणि साठे पडून राहिले. म्हणूनच भारतीय व्यापारी संघटनांनी १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर २०२३ या काळात कच्च्या हिऱ्यांची आयात स्वेच्छेने थांबवली होती. २०२२-२३ मध्ये भारतातून सुमारे २२ अब्ज डॉलर्सचे पैलूदार हिरे निर्यात झाले. २०२४-२५ मध्ये हा आकडा सुमारे १३ अब्जांवर आला. त्यानंतर २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरील आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्यातील निम्मे शुल्क भारत रशियाकडून तेल घेतो, या कारणासाठी होते. दरांच्या वाटाघाटी पुढे चालू राहिल्या, पण दरम्यान रत्नकलाकार म्हणवल्या जाणाऱ्या कारागिरांच्या घरी कामाचे तास आणि मिळकत दोन्ही घटले. त्यांनी ना युद्ध पुकारले होते, ना तेल विकत घेतले होते.

नाका वापरणारे केवळ पाश्चात्त्य देशच आहेत असेही नाही. १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची वाट रोखली आणि काही महिन्यांत भाव चौपट झाले. २०१० मध्ये सागरी वादानंतर जपानकडे जाणारी दुर्मीळ मूलद्रव्ये चीनमध्ये अडली आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा ७ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. मोटारीपासून क्षेपणास्त्रापर्यंत अनेक वस्तूंना ही द्रव्ये लागतात. ज्याच्या हाती जो नाका, तो त्याने वापरून पाहिला आहे.

रक्त न सांडणारे शस्त्र?

निर्बंधांच्या बाजूने सर्वांत जुना दावा असा की ते युद्धापेक्षा बरे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्यांचे वर्णन शांत, निःशब्द पण प्राणघातक उपाय असे केले होते. त्यातील शेवटचे विशेषण विसरता कामा नये. १९९० मध्ये इराकवर लादलेले व्यापक निर्बंध तेरा वर्षे टिकले. राजवट जागीच राहिली आणि औषध व अन्नाच्या टंचाईचा मार सामान्य कुटुंबांनी सोसला. गोळी न झाडता झालेली इजाही इजाच असते. हिंसेचा विचार सूक्ष्मपणे करणाऱ्या समाजाला हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

तथापि निर्बंध नेहमीच अन्याय्य असतात असे म्हणण्यास भारताचा स्वतःचा इतिहास आडवा येतो. १९४६ मध्ये, स्वातंत्र्य मिळण्याआधीच, दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाच्या निषेधार्थ तिच्याशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता. त्या वेळीही भारतीय व्यापाऱ्यांनी तोटा सोसला. पुढे अनेक देश त्या वाटेने आले आणि वर्णभेदी राजवटीवरचा दाब वाढत गेला. त्या निर्बंधांमागे एक स्पष्ट मागणी होती, ती सर्वांना ठाऊक होती आणि ती पूर्ण होताच निर्बंध उठले.

म्हणून खरा भेद निर्बंध आणि मुक्त व्यापार यांत नसून नियम आणि लहर यांत आहे. शेजाऱ्यावर आक्रमण करणाऱ्या राज्याशी काही घडलेच नाही अशा थाटात व्यवहार चालू राहिला, तर जगातील कोणताच लहान देश निर्धास्त झोपू शकणार नाही. पण नाका बंद करण्याचे कारण आज युद्ध, उद्या तेल, परवा निवडणूक असे बदलत राहिले, तर व्यापाऱ्याला नियम पाळण्याचाही मार्ग उरत नाही.

लहरीची किंमत दिसू लागली आहे. चीनने २०१५ मध्ये, तर रशियानेही अलीकडच्या काळात, स्वतःच्या निरोपयंत्रणा उभारल्या. जुलै २०२२ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने रुपयात परदेशी व्यवहार चुकते करण्याची मुभा दिली. अनेक मध्यवर्ती बँका डॉलरच्या रोख्यांसोबत सोन्याचा साठा वाढवीत आहेत. प्रत्येकाचे पाऊल आपापल्या जागी शहाणपणाचे आहे. पण जसजशा वाटा वेगळ्या होतील, तसतसे एकमेकांचे नुकसान करणे स्वस्त होत जाईल. ज्याच्याशी देणेघेणेच उरले नाही, त्याच्याशी भांडताना कोण हात आखडता घेईल?

व्यापाराने १९१४ चे युद्ध थांबवले नाही आणि २०२२ चेही थांबवले नाही. युद्धाची किंमत वाढवणे एवढेच त्याला जमते, आणि तेही उद्याच्या व्यवहाराची खात्री असेल तोवरच. या काळात पेढी सांभाळणाऱ्या घरांना काही गोष्टी टाळता येणार नाहीत. एकाच बाजारावर, एकाच चलनावर सगळी मदार ठेवणे आता धोक्याचे आहे. मालाचा उगम लिहून ठेवणे हा केवळ परक्या सरकारचा हट्ट मानणेही चुकीचे ठरेल. हातातल्या खड्याचा पैसा कोठे जातो, हा प्रश्न ग्राहकाच्या आधी व्यापाऱ्याने स्वतःला विचारला, तर त्याची नोंद ओझे वाटत नाही.

होवेनिअर्सस्ट्राटमध्ये 'मझल' म्हटल्यावर कोणी मागे फिरत नाही, कारण मागे फिरणाऱ्याला उद्या पुन्हा त्याच गल्लीत यायचे असते. राष्ट्रांनाही उद्या त्याच बाजारात यायचे आहे. तो बाजार एकच राहील की नाही, हे मात्र आज नाके ज्यांच्या हाती आहेत, त्यांच्या वागण्यावर ठरणार आहे.